आई-बाबांना घेऊन एका दिवसात रेडवूडचं जंगल आणि समुद्र: कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या शेवटच्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून निघून एकाच दिवसात रेडवूड या उंचच उंच झाडांचं जंगल आणि समुद्र दोन्ही बघायचं आहे. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा आणि 4 वर्षांची मुलगी. बाबा 71 वर्षांचे, तरुणपणी सह्याद्रीत भरपूर हिंडलेले, पण हल्ली उतारावर त्यांचा उजवा गुडघा दुखतो. आईंना रोज चालायची सवय आहे, पण चढ नको म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोपलीकडचं म्यूर वुड्स हे रेडवूडचं प्रसिद्ध जंगल, पण तिथलं पार्किंग मिळालं नाही. मग दुसरा सोपा ट्रेल, म्हणजे पायवाट, कोणती? आणि मुलीसाठी स्ट्रोलर (ढकलगाडी) न्यावी का?

इथल्या डोंगरात अशाच मंडळींना घेऊन मी बरीच वर्षं जाते आहे. भारतातून आलेले आई-वडील, इथे वाढणारी नातवंडं आणि मध्ये दोघांच्या मागे धावणारं जोडपं, हाच घोळका बहुतेक वेळा असतो. तेव्हा उत्तर आधी देते, कारणं मागून. हाफ मून बे या समुद्रकाठच्या गावाजवळ प्युरिसिमा क्रीक नावाचं रेडवूडचं जंगल आहे, तिथे जा, पण खालच्या, हिगिन्स रोडच्या बाजूने. जमेल तेवढं आत चाला, त्याच वाटेने परत या, आणि मग हाफ मून बेचा किनारा गाठा. बाबांचा गुडघा त्या आठवड्यात जास्तच कुरकुरत असेल तर हेन्री कॉवेल हे रेडवूडचं पार्क आणि त्याच्याजवळचा सांता क्रूझचा किनारा. या दोन्हींपैकी काय, हे गुडघ्यावर ठरेलच, पण थोडं तुमच्या आवडीवरही ठरेल. ते पुढे सांगते.

आधी "सोपा" म्हणजे काय ते ठरवू. ट्रेलची माहिती देणारी ॲप्स अंतर आणि चढ बघून सोपा-मध्यम-अवघड असा शिक्का मारतात. वयस्कर माणसं सोबत असली की त्या शिक्क्याचा मला फारसा उपयोग होत नाही. मी दुसरंच बघते: वाटेत कुठूनही परत फिरता येतं का, आणि फिरलो तर काही हुकतं का? सह्याद्रीत हे जमत नाही. राजगडला निघालात आणि अर्ध्यातून फिरलात तर गड बघितलाच नाही. बाबांची पिढी त्या सवयीत वाढलेली आहे. "आता इतकं आलोच आहोत तर" हे वाक्य तुम्हाला त्या दिवशी ऐकू येणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. रेडवूडच्या जंगलाला माथाच नसतो. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही जंगलाच्या आत असता, आणि तिसऱ्या मैलावर जे आहे ते पहिल्या मैलावरही असतंच. म्हणून गेलो त्याच वाटेने परत येण्याचा ट्रेल निवडायचा. गोल फिरून येणाऱ्या लांब वाटेवर, म्हणजे लूपवर, अर्धं अंतर झालं की परत फिरण्यात काही अर्थ उरत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात कसला उतार वाढून ठेवला आहे तेही माहीत नसतं. गुडघेवाल्यांना लूपवर नेणं मी केव्हाच सोडलं आहे.

म्यूर वुड्स हुकलं म्हणून हळहळू नका. जागा सुंदर आहे यात वाद नाही. विल्यम आणि एलिझाबेथ केंट या दांपत्याने जंगल तोडलं जाऊ नये म्हणून जमीन सरकारला दिली, 1908 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, आणि मुख्य वाट इतकी सपाट आहे की तिच्यावर व्हीलचेअर सहज चालते. पण 2018 पासून पार्किंग असो की तिथे नेणारी शटल बस, आगाऊ आरक्षण लागतं. शटलमध्ये जागा आहे का ते अजूनही बघू शकता. मिळाली तरी तुम्हाला मी तो बेत सुचवणार नाही, कारण सॅन होजेहून शनिवारी सॅन फ्रान्सिस्को आणि गोल्डन गेट पूल ओलांडून जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार तास गाडीतच जातील. जाता जाता एक सांगते, कारण हे दरवेळी विचारलं जातं: राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास फक्त इथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना वय कितीही असलं तरी तो मिळत नाही.

आता प्युरिसिमा. ही मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट या सार्वजनिक संस्थेची जागा. प्रवेशाला पैसे नाहीत, आरक्षण नाही, आणि त्यामुळेच शनिवारी खरी अडचण पार्किंगची. खालच्या गेटपाशी गाड्या लावायला अगदी थोडी जागा आहे. नऊच्या आत पोचलात तर निवांत जागा मिळते, अकराला गेलात तर अरुंद रस्त्यावर गाडी वळवण्यातच सकाळ जाते. सॅन होजेहून हायवे 280 ने वर येऊन हायवे 92 ने हाफ मून बेला उतरा, तिथून हायवे 1 ने थोडं दक्षिणेला आणि मग हिगिन्स कॅन्यन रोडने आत. सकाळी तासाभराचा, फार तर सव्वा तासाचा रस्ता. फोन कधी कधी 84 वरून, ला होंडामार्गे नेतो. तो रस्ता देखणा आहे, पण वळणं इतकी की मागच्या सीटवरच्या आई आणि मुलगी दोघींना मळमळेल. 92 च धरा.

इथे एक सापळा आहे. या जंगलाला दोन मुख्य दारं आहेत, एक खाली हिगिन्स रोडवर आणि एक वर स्कायलाइन बुलेव्हार्डवर. फोनवर नुसतं "प्युरिसिमा" टाकलं तर तो कुठल्याही दाराशी नेऊन सोडू शकतो. दोन दारांच्या उंचीत दीड हजार फुटांहून जास्त फरक आहे. वरून सुरुवात केली की आधी उतार लागतो, सगळे गप्पा मारत मजेत खाली जातात, आणि परतीचा सगळा चढ दमलेल्या पायांनी, दुपारच्या वेळी चढावा लागतो. बाबांचा गुडघा आधीच्या उताराने दुखायला लागलेला असेल ते वेगळंच. तेव्हा पत्त्यात "हिगिन्स" हा शब्द आहे ना, ते निघायच्या आधी घरीच बघून घ्या. दरीत शिरल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. त्याच वेळी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर ट्रेल उघडा आहे ना तेही बघा. हिवाळ्यातल्या वादळांनी पडलेली झाडं आणि खचलेल्या वाटा यांचं काम कधी कधी उन्हाळ्यापर्यंत चालतं.

गेटातून आत गेलं की लगेचच डावीकडे ओढ्यावर एक पूल दिसेल. पुलापलीकडे हार्किन्स रिज आणि व्हिटमोर गल्च या दोन वाटा आहेत, दोन्ही चढाच्या. तिकडे वळायचं नाही. ओढ्याच्या काठाने सरळ जाणारी रुंद मातीची वाट आपली. पूर्वी लाकूड ओढून नेण्यासाठी वापरला जाणारा हा रस्ता, त्यामुळे दोघं-तिघं शेजारी-शेजारी चालू शकतात. आई-वडिलांबरोबर चालताना याचं मोल कळतं, नाहीतर अरुंद पाऊलवाटेवर सगळी गप्पाष्टकं पुढच्या माणसाच्या पाठीशी होतात. साधारण एका मैलावर उजवीकडे बॉर्डन हॅच मिल नावाची वाट फुटते. तिथपर्यंतचा चढ इतका हळू आहे की आईंना तो चढ वाटणार नाही. तुमच्यासाठी तेवढं अंतर भरपूर आहे. सगळे ताजेतवाने असतील तर अजून थोडं पुढे जा, पण सरळच. त्या फाट्याला वळू नका.

परत कधी फिरायचं ते घड्याळावर ठरवा, पायांवर नाही. निघतानाच सगळ्यांसमोर सांगून टाका की तासाभराने जिथे असू तिथून मागे वळायचं. बाबांना "तुमच्यामुळे फिरलो" असं वाटता कामा नये. शिवाय गुडघा दुखायला लागल्यावर परत फिरण्यात उशीर झालेला असतो, कारण इथे परतीचीच वाट उताराची आहे, आणि दुखणारा गुडघा उतारावरच जास्त बोलतो. उतार हलका आहे, तरी दोन ट्रेकिंग पोल न्या. एक नको, दोन. एका काठीवर माणूस एकाच बाजूला सगळा भार टाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. बाबा नको म्हणतील. गाडीत टाकून ठेवा आणि गेटपाशी हातात द्या.

जंगलात बघायचं काय? इथे मला अपेक्षा थोडी खाली आणायची आहे. प्युरिसिमातली बरीचशी झाडं दुसऱ्या पिढीची आहेत. सोन्याच्या शोधात माणसं आली, सॅन फ्रान्सिस्को वाढलं, आणि या दऱ्यांमधलं लाकूड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे अनेक वर्षं तोडलं गेलं. याच ओढ्यावर लाकूडगिरण्या होत्या. आज उंच दिसणारी झाडं त्यानंतर वाढलेली. वाटेच्या कडेला जुने प्रचंड बुंधे मात्र उरले आहेत, आणि माझ्या मते तेच बघण्यासारखे आहेत. काही बुंध्यांवर जमिनीपासून बऱ्याच उंचीवर आडव्या खाचा दिसतात. रेडवूडचा बुंधा तळाशी फार पसरट असतो, तिथून करवत चालवणं परवडत नसे, म्हणून तोडणारे खाचेत फळी खोचून तिच्यावर उभे राहत आणि वरून झाड कापत. मुलीला खाचा मोजायला लावा, अर्धा मैल तिची कुरकुर ऐकू येणार नाही.

बुंध्याभोवती गोल उभी राहिलेली पाच-सात झाडं दिसली की थांबा. रेडवूड तोडलं तरी मुळाशी जिवंत राहतं आणि बुडाशी फुटवे फुटून त्यांची झाडं होतात. इतर सूचिपर्णी झाडांना सहसा हे जमत नाही. त्यामुळे मधलं जुनं झाड गेलं तरी भोवती त्याचेच फुटवे रिंगण करून उभे असतात. मुळं मात्र खोल जात नाहीत. 300 फुटांचं झाड जेमतेम 6 ते 12 फूट खोल मुळांवर उभं असतं, पण ती मुळं बाजूला शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वाट सोडून झाडाला खेटून फोटो काढू नका म्हणतात ते यासाठी. रोज शेकडो पाय पडले की माती घट्ट होते आणि वरवरच्या मुळांना पाणी मिळत नाही.

बाबा एक गोष्ट नक्की विचारतील: गाडी आरपार जाते ते झाड कुठे आहे? त्यांच्या पिढीने जो जुना फोटो पाहिलेला असतो तो बहुतेक योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या वावोना झाडाचा. ते जायंट सेक्वॉया होतं, म्हणजे रेडवूडचं जाडजूड, सिएरा नेवाडातलं भावंड, आणि ते 1969 मध्येच पडलं. आपण बघायला चाललो आहोत ते किनाऱ्याचं रेडवूड, जगातलं सर्वात उंच वाढणारं झाड. त्यातलं सर्वात उंच हायपेरियन, 115 मीटरच्या वर. ते दूर उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कमध्ये आहे, आणि लोकांनी जंगल तुडवून वाट पाडली म्हणून 2022 पासून तिथे जायला बंदी आहे.

हे झाड समुद्राजवळच का, याचं उत्तर तुम्हाला त्या सकाळी अंगावरच मिळेल. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. आत खोऱ्यात जमीन तापते, हवा वर जाते, आणि थंड समुद्रावरचं धुकं आत ओढलं जातं. ते धुकं झाडांच्या शेंड्यांवर जमून थेंबाथेंबाने खाली ठिबकतं. 1998 मध्ये बर्कली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ टॉड डॉसन यांनी उत्तर कॅलिफोर्नियात केलेल्या अभ्यासात रेडवूडना वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी साधारण एक तृतीयांश वाटा धुक्याचा निघाला. म्हणून ही झाडं ओरेगॉनच्या दक्षिण टोकापासून बिग सरपर्यंत किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यातच वाढतात. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जूनच्या अखेरीस सॅन होजेत 32 अंश असताना हाफ मून बेला 15-16 अंश असू शकतं. "उन्हाळा आहे ना, स्वेटर कशाला" असं आई म्हणतील. स्वेटर, कानटोपी आणि एक वाऱ्याचं जाकीट प्रत्येकासाठी गाडीत ठेवाच. जंगलात धुकं असेल तर नाराज होऊ नका. रेडवूड बघावं तर धुक्यातच, कडक उन्हात जंगलातले फोटोही चट्ट्यापट्ट्यांचे येतात. समुद्रावर मात्र धुकं नको असतं, आणि ते बहुधा दुपारी विरळ होतं. म्हणून क्रम असा: सकाळी जंगल, दुपारी समुद्र. (सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनारा सर्वात स्वच्छ असतो. आई-बाबा तेव्हाही इथे असतील तर पुन्हा जा, फक्त ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांच्या शेतांमुळे 92 वर रांगा लागतात.)

घाबरावं असं फार काही नाही, पण पॉइझन ओक ओळखायला शिका. तीन-तीन पानांचा झुपका, पानं कधी हिरवीगार, कधी लालसर आणि तुकतुकीत. दाट रेडवूडखाली कमी असतं, ऊन पडणाऱ्या कडेला आणि मोकळ्या जागी जास्त. आईंना समजावणं अगदी सोपं आहे: हे बिब्ब्याच्या कुळातलं. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉइझन ओक एकाच कुळात मोडतात, आणि बिब्बा अंगावर उततो तसंच याचं तेलही एक-दोन दिवसांनी अंगावर उठतं, फोड येतात, खाज सुटते. पानाला लागलेली बाही किंवा बूटही घरी हाताळला तरी तेल लागतं. हात लागलाच तर लवकरात लवकर साबणाने चोळून धुवा आणि कपडे वेगळे टाका. संध्याकाळी मुलीच्या अंगावर, केसांत, कानामागे गोचिडी आहेत का तेही बघा. इथल्या एका जातीच्या गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो.

याच्या उलट, वाटेवर पिवळीधमक, बोटभर लांब, शंख नसलेली गोगलगाय दिसली तर ती बनाना स्लग. सांता क्रूझच्या विद्यापीठाने आपलं मानचिन्ह म्हणून ती मिरवली आहे. बघा, हात लावू नका. झाडांखाली तीन पानांचा हिरवा गालिचा दिसेल तो रेडवूड सॉरेल, आपल्या आंबुटीचा नातेवाईक. ऊन थेट पडलं की पानं मिटून घेतो. तीन पानं बघून त्याला पॉइझन ओक समजू नका. याची पानं हृदयाच्या आकाराची, जमिनीलगत आणि नाजूक असतात. बिया, सालीचे तुकडे, फांद्या काहीही उचलून आणायला परवानगी नाही. बागेची आवड असलेले बाबा खिशात काहीतरी टाकतात असा माझा अनुभव आहे.

खाण्याचं. जंगलात डबा उघडू नका असं मी म्हणेन, आणि नुसता कचऱ्यामुळे नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे. आयुष्य समुद्रावर काढतो, पण अंडं घालायला आत जंगलात येतो, जुन्या झाडांच्या उंच, शेवाळलेल्या फांद्यांवर. त्याचं घरटं शोधायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली की इथे पहिलं घरटं मिळालं ते 1974 साली, बिग बेसिन या रेडवूडच्या पार्कमध्ये. माणसांनी सांडलेल्या खाण्यावर "स्टेलर्स जे" नावाचे निळे पक्षी आणि कावळे येतात, त्यांची संख्या वाढते, आणि तेच पक्षी मरलेटची अंडी-पिल्लं खातात. शेव-चिवडा हा यातला सर्वात वाईट खाऊ, कारण तो सांडल्याशिवाय खाताच येत नाही. मुलीला केळं किंवा खजूर द्या, पोळी-भाजी किनाऱ्यावरच्या टेबलांसाठी ठेवा. पिण्याचं पाणी घरूनच भरून घ्या. गेटपाशी स्वच्छतागृह आहे, पण ते पाण्याचं नाही, खड्ड्याचं. हात पुसायला काहीतरी सोबत ठेवा, आणि आत जाताना सगळ्यांनी जाऊन घ्या, पुढे काही नाही. वारा जोराचा सुटला असेल तर जंगल रद्द करून सरळ किनाऱ्यावर जा. या झाडांच्या वाळक्या फांद्या खूप उंचावरून पडतात.

साडेअकरापर्यंत तुम्ही गाडीपाशी परत याल. हाफ मून बे स्टेट बीचला पार्किंगचे पैसे पडतात, पण स्वच्छतागृहं आणि जेवायला टेबलं मिळतात, आणि किनाऱ्याच्या वरच्या कडेने जाणारी डांबरी, सपाट वाट मैलोन् मैल आहे. जेवल्यावर आई-बाबांना तिथे हवं तेवढं चालू द्या. समुद्र बाजूला दिसत राहतो आणि वाळूत पाय रुतत नाहीत, गुडघ्याला हे फार बरं. पाण्यात मात्र कोणालाही जाऊ देऊ नका. आपल्याकडे कोकणात कपडे वर खोचून गुडघाभर पाण्यात उभं राहायची सवय असते. हे पाणी 10 ते 15 अंशांचं, किनारा पटकन खोल होणारा, आणि अधूनमधून नेहमीपेक्षा कितीतरी वर येणारी लाट इथे अचानक येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, आणि मुलीचा हात ओल्या वाळूवर सोडायचा नाही, एवढं पाळा. जवळच्या मॉस बीचला खडकांमधल्या डबक्यांत स्टारफिश आणि खेकडे दिसतात ते ऐकून तुम्हाला मोह होईल, पण आपल्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या ओहोट्या पहाटे-सकाळी असतात, हिवाळ्यात त्या दुपारी येतात. जूनमध्ये जंगल आणि डबकी दोन्हींना सकाळच लागते. दोन्ही धरायला गेलात तर दोन्हींचा विचका होईल. डबकी डिसेंबरसाठी राखून ठेवा.

आता दुसरा बेत. हेन्री कॉवेल, फेल्टनजवळ. इथला रेडवूड ग्रोव्ह लूप जेमतेम 0.8 मैलांचा आणि अगदी सपाट आहे. लूप असला तरी इतका छोटा आहे की माझा मघाचा आक्षेप इथे लागू होत नाही. आणि इथली झाडं जुनी आहेत. 1867 मध्ये वेल्च नावाच्या माणसाने ती पर्यटकांसाठी राखली, म्हणून कुऱ्हाडीतून वाचली. सर्वात उंच झाड 270 फुटांच्या वर आहे, आणि एका पोकळ झाडाच्या आत मुलीला उभं राहता येईल. तुमचा भर मोठ्या झाडांवर असेल आणि चालण्यावर नसेल तर खरं तर हेच पहिलं निवडा. मी ते दुसरं ठेवलं याची दोन कारणं: बाबांचं ते पाऊण तासात बघून होईल आणि "झालं?" असं विचारतील, आणि जूनच्या शनिवारी हायवे 17 वर सगळं सॅन होजे समुद्राकडे निघालेलं असतं. सातला घर सोडलंत तर दुसरं कारण निकालात निघतं. पहिल्या कारणावर उपाय शेजारीच आहे: रोअरिंग कॅम्पची वाफेच्या इंजिनाची गाडी रेडवूडमधून डोंगरावर चढते. गुडघा अजिबातच साथ देत नसेल तर तीच खरी हाइक.

कोणीतरी बिग बेसिन सुचवेलच. 1902 पासूनचं, कॅलिफोर्नियातलं सर्वात जुनं स्टेट पार्क. 2020 च्या ऑगस्टमधल्या आगीत जवळजवळ सगळं पार्क होरपळलं. फूटभर जाड होऊ शकणाऱ्या सालीमुळे जुनी रेडवूड वाचली आणि काळ्या खोडांवर आता हिरवे फुटवे आले आहेत. मला ते जंगल आज आधीपेक्षा जास्त आवडतं, पण सावली कमी झाली आहे आणि सोयी अजून मर्यादित आहेत. पहिल्यांदाच रेडवूड बघणाऱ्यांना मी तिथे नेत नाही.

राहिली स्ट्रोलर. हेन्री कॉवेलच्या लूपवर कोणतीही चालेल. प्युरिसिमाची वाट रुंद असली तरी मातीची आणि खडबडीत आहे. मोठ्या हवेच्या चाकांची, धावताना ढकलतात ती असेल तर जूनमधल्या कोरड्या वाटेवर चालेल. विमानतळावर घडी होणारी छोट्या चाकांची असेल तर गाडीतच राहू द्या, नाहीतर परतीच्या वाटेवर ती तुम्ही उचलाल आणि मुलीला बाबा उचलतील. या वाटेवर सायकलींना परवानगी आहे, आणि वरून उतरणाऱ्या सायकली वळणावर अचानक समोर येतात. म्हणून मुलगी चालत असो की स्ट्रोलरमध्ये, तिला उजव्या कडेला ठेवा आणि मधोमध तुम्ही चाला. कुत्र्यांना इथे बंदी आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण सोबत कोणी मित्रमंडळी येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.